शिबिराआधी खिडकी: धर्मादाय रुग्णालयाने निर्धन रुग्णांसाठीचे काम कसे उभारावे

प्रश्न असा आहे. मुंबईच्या उपनगरात एका ट्रस्टचे १२० खाटांचे रुग्णालय आहे. वर्षाला आठ-दहा आरोग्य शिबिरे होतात. तरी निर्धन रुग्णांसाठी राखून ठेवलेल्या खाटांपैकी निम्म्या रिकाम्याच असतात. इतर रुग्णांच्या बिलांतून बाजूला काढलेला निर्धन रुग्ण निधी एखाद्या वर्षी पडून राहतो, तर एखाद्या वर्षी डिसेंबरातच संपतो. नव्या विश्वस्तांना हे काम नीट उभे करायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

सुरुवात शिबिरांपासून करू नका. ज्या खिडकीवर रुग्ण दाखल होतो आणि डिपॉझिट मागितले जाते, तिथून करा. खाटा रिकाम्या राहतात त्या गरीब रुग्ण नाहीत म्हणून नव्हे. तो रुग्ण खिडकीपर्यंत येतो, रक्कम ऐकतो आणि तिथूनच केईएम, सायन किंवा कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांची वाट धरतो. तुमच्या नोंदवहीत त्याचे नावही लागत नाही. त्यामुळे वर्षअखेरीस "मागणीच नव्हती" असे कागदावर दिसते.

आधी कायद्याने काय बंधनकारक आहे ते पाहू, कारण बरेच घोळ इथेच होतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधले कलम ४१कक आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना, हा सगळ्याचा पाया. योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. वार्षिक खर्च ५ लाख रुपयांहून जास्त असलेली धर्मादाय रुग्णालये, नर्सिंग होम, प्रसूतिगृहे तिच्यात येतात. चालू खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, असा नियम आहे. म्हणजे तुमच्याकडे १२ आणि १२. हिशेब चालू खाटांचा आहे, म्हणून दुरुस्तीसाठी एखादा वॉर्ड बंद ठेवलात तर त्याची तारीखवार नोंद ठेवा. मात्र बंद वॉर्डातल्या खाटाच "राखीव" म्हणून दाखवण्याचा मोह टाळा. तपासणीत हे पहिल्या दहा मिनिटांत कळते.

उत्पन्नाची मर्यादा २००६ मध्ये निर्धनांसाठी २५,००० आणि दुर्बल घटकांसाठी ५०,००० रुपये होती. ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली. आता कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन आणि ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटकातला. तुमच्या दर्शनी फलकावर आणि माहितीपत्रकात कोणता आकडा छापलेला आहे, ते आजच पाहा. ८५,००० आणि १,६०,००० हे जुने आकडे अजून भिंतींवर दिसतात, आणि ते वाचून हक्काचा माणूस परत फिरतो.

आकडे माणसांना लावून पाहिले की लवकर उमजतात. एकट्याच्या पगारावर घर चालवणारा, महिना १४,५०० रुपये मिळवणारा वॉचमन: वर्षाचे १,७४,०००, म्हणजे निर्धन, उपचार मोफत. धुणीभांडी करून १२,००० मिळवणाऱ्या ताई आणि रिक्षा चालवून १४,००० घरी आणणारे त्यांचे यजमान: वर्षाचे ३,१२,०००, म्हणजे दुर्बल घटक. ही दोन्ही घरे स्वतःला "गरीब" म्हणवून घेत नाहीत, मुंबईत कोणी सहसा म्हणत नाही. म्हणून "तुम्ही गरिबीतल्या योजनेत बसता का?" असा प्रश्न खिडकीवर चालत नाही.

आता रेशन कार्डाबद्दल, कारण सर्वांत जास्त हक्क इथे बुडतात. पिवळे कार्ड दाखवले की काम होते, केशरी दाखवले की बहुतेक ठिकाणी होते, पण पांढरे कार्ड दिसले की खिडकीवरून थेट नकार मिळतो. हा नकार चुकीचा आहे. केशरी कार्डाची उत्पन्नमर्यादा १ लाख रुपये आहे, त्यापुढे पांढरे. योजनेची निर्धन मर्यादा मात्र १,८०,००० आहे. वर्षाला दीड लाख कमावणाऱ्या घराचे कार्ड पांढरे असते आणि तरी तो रुग्ण मोफत उपचाराला पात्र असतो. अशा वेळी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागायचा, रुग्णाला परत पाठवायचे नाही. दुसरी अडचण कोकणातल्या आणि देशावरच्या कुटुंबांची: राहणे भांडुपला किंवा लालबागला, कार्ड मात्र चिपळूणचे, कणकवलीचे नाही तर पाटणचे. कार्डावरचा पत्ता मुंबईचा नाही म्हणून नाव नाकारण्याचे कारण नाही.

उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून मिळतो, पण त्याला पंधरवडा धरावा लागतो. उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला ही तीन तहसील कार्यालये आहेत. नातेवाईक चुकीच्या कार्यालयात गेला तर दिवसाची मजुरी बुडते. रुग्ण पाच दिवसांत घरी जाणार आणि दाखला पंधरा दिवसांनी येणार, हे गणित डिस्चार्जच्या दिवशी लक्षात आले की भांडण ठरलेले. म्हणून दाखल झाल्याच्या दिवशीच समाजसेवकाने तीन गोष्टी कराव्यात: जे कागद हातात आहेत त्यांची प्रत घ्यावी, उत्पन्नाबाबत सही केलेले हमीपत्र घ्यावे, आणि दाखल्याचा अर्ज त्याच दिवशी भरून द्यावा. अर्जाची पोच फाइलला लावून रुग्णाला तात्पुरते निर्धन धरावे आणि दाखला आला की नोंद पक्की करावी. यात थोडी जोखीम आहे. क्वचित एखादा माणूस खोटे सांगेल. पण त्या एकासाठी खऱ्या दहांना दारातून परतवणे हा जास्त मोठा दोष आहे, आणि हा निर्णय विश्वस्तांनी लेखी ठरावाने घ्यावा, म्हणजे रात्री दोन वाजता खिडकीवरच्या मुलाला आपल्या नोकरीची भीती राहणार नाही.

रात्रीचा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. समाजसेवकाची वेळ नऊ ते पाच असते आणि तातडीचे रुग्ण येतात संध्याकाळी, रात्री, रविवारी. तातडीच्या रुग्णाबाबत योजना स्पष्ट आहे: लगेच दाखल करायचे, जीव वाचवणारे उपचार सुरू करायचे, प्रकृती स्थिर होईपर्यंत ते चालू ठेवायचे, गरज पडली तरच सार्वजनिक रुग्णालयात पोचवायचे, आणि डिपॉझिट मागायचे नाही. हे वाक्य कॅज्युअल्टीच्या दारावर मोठ्या अक्षरांत मराठीत लावा आणि कॅश काउंटरच्या आतल्या बाजूला, कर्मचाऱ्यांना दिसेल असेही लावा. १२० खाटांना किमान दोन समाजसेवक लागतात, त्यांपैकी एकाची पाळी दुपारी दोन ते रात्री नऊ ठेवा. उरलेल्या वेळेत ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला किंवा रात्रीच्या मेट्रनला तात्पुरती नोंद करण्याचा अधिकार द्या. एका पानाचा फॉर्म पुरतो: नाव, घरात किती माणसे, कमावते किती, महिन्याचे उत्पन्न, कोणते कागद जवळ आहेत, सही किंवा अंगठा.

समाजसेवकाचे टेबल कुठे आहे तेही पाहा. ते तिसऱ्या मजल्यावर, अकाउंट्सच्या मागे असेल तर त्याचा उपयोग नाही. दाखल होण्याच्या खिडकीला लागून, रुग्णाला दिसेल असे हवे. आणि पहिला प्रश्न बदला. "डिपॉझिट किती भरता?" याऐवजी प्रत्येकाला, अंगावरचे कपडे न पाहता, एकच वाक्य विचारायचे: "आमच्याकडे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी योजना आहे, माहिती देऊ का?" सगळ्यांनाच विचारले की कुणाला लाज वाटत नाही. भारतातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक १९४६ साली मुंबईतच, जे. जे. रुग्णालयात झाली. पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन यांनी याच शहरात या कामासाठी माणसे घडवली. या पदावर शिकलेला माणूस नेमा, कारकुनाला "समाजसेवक" असे नाव देऊन वेळ भागवू नका.

आता बिल. निर्धन रुग्णाच्या बिलाचे दोन भाग पडतात. पहिल्या भागाचे पैसे लावायचेच नाहीत: खाट, निवासी डॉक्टर, परिचर्या, रुग्णालय जेवण देत असेल तर जेवण, चादरी-कपडे, पाणी, वीज, साफसफाई आणि सर्वसाधारण विभागातल्या उपचारांना लागणाऱ्या नेहमीच्या तपासण्या. दुसऱ्या भागाचे बिल होते, पण ते रुग्णाकडून न घेता निर्धन रुग्ण निधीतून वळते करायचे. तिथे दर लावायचा तो रुग्णालयातल्या सर्वांत खालच्या वर्गाचा. औषधे, एकदाच वापरायचे साहित्य आणि इम्प्लांट (शरीरात बसवायचे स्टेंट, सांधे वगैरे) यांची किंमत लावायची ती रुग्णालयाच्या खरेदीची, छापील नव्हे. डॉक्टरांनी फी सोडली असेल तर ती बिलात येताच कामा नये. दुर्बल घटकातल्या रुग्णाला खालच्या वर्गाचे सवलतीचे दर लागतात आणि औषधे, साहित्य, इम्प्लांटच्या खरेदी किमतीपैकी किमान निम्मे त्याने भरायचे असतात, बाकी निधीतून.

उदाहरण घेऊ. पित्ताशयाची शस्त्रक्रिया, जनरल वॉर्डात पाच दिवस, रुग्ण निर्धन. खाट, परिचर्या, जेवण, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या: शून्य. शल्यविशारदाने फी सोडली: शून्य. ऑपरेशन थिएटरचा खालच्या वर्गाचा दर समजा ९,०००, भूल आणि साहित्य खरेदी किमतीने ७,४००, औषधे ३,१००. निधीला १९,५०० रुपये लागले आणि रुग्णाने भरायचे शून्य. हेच बिल छापील किमतीने बनवले तर औषधे आणि साहित्याची रक्कम सहज दीडपट-दुप्पट होते. फरक रुग्णाच्या खिशातून जात नाही म्हणून कोणी बोलत नाही, पण तो निधीतून जातो, आणि पुढच्या रुग्णाचा वाटा त्यात जातो. फार्मसीच्या सॉफ्टवेअरमध्ये योजनेच्या रुग्णांसाठी खरेदी किमतीची वेगळी दरयादी बसवल्याशिवाय ही चूक थांबत नाही. तोंडी सूचनेवर ती चालत नाही, कारण बिल करणाऱ्याला खरेदीची किंमत दिसतच नसते.

इम्प्लांटबाबत आणखी जपा. स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. पण कमाल मर्यादा म्हणजे तुमची खरेदी किंमत नव्हे. रुग्णालय त्याहून बरेच स्वस्त घेते. प्रत्येक इम्प्लांटच्या बिलाला पुरवठादाराच्या चलनाची प्रत जोडा.

आणि "बाहेरून आणा" ही चिठ्ठी. निधी पडून राहण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हीच. खाट मोफत असते, पण औषधांची चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात देऊन त्याला समोरच्या मेडिकलमध्ये पाठवले जाते. त्याचे आठ-दहा हजार जातात, निधीला एक रुपयाही लागत नाही, आणि वर्षअखेरीस निधी शिल्लक दिसतो. एमआरआय किंवा सीटी स्कॅनचे केंद्र ठेक्यावर दिलेले असेल तर तिथेही हेच घडते. ठेक्याच्या करारातच कलम घाला: योजनेच्या रुग्णाला खालच्या वर्गाचा दर, आणि बिल रुग्णाकडे नव्हे तर रुग्णालयाकडे. चालू करारात ते नसेल तर नूतनीकरणाची वाट पाहू नका, पुरवणी करार करून घ्या.

निधीत पैसे कसे येतात? निर्धन आणि दुर्बल रुग्ण सोडून बाकी सगळ्यांच्या एकूण बिलांच्या २ टक्के, कोणतीही वजावट न करता, वेगळ्या खात्यात. "एकूण" या शब्दावर लक्ष द्या. समजा विमा कंपनीने एक लाखाच्या बिलातले १२,००० कापले. तरी निधीत २,००० रुपयेच जायला हवेत, ८८,०००वर हिशेब करून १,७६० नव्हे. ओळखीच्यांना दिलेली सूटही आधी वजा करायची नाही. रक्कम महिन्याच्या महिन्याला वर्ग करा. वर्षअखेरीस एकदम केली तर आठ महिने खाते कोरडे आणि समाजसेवक हात आखडता घेतो.

आता तुमच्या आकारावर गणित मांडू. समजा वर्षाचे एकूण बिल ४० कोटी. निधी ८० लाख. १२ मोफत खाटा वर्षभर भरल्या तर ४,३८० खाट-दिवस. सरासरी मुक्काम पाच दिवसांचा धरला तर ८७६ रुग्ण. म्हणजे प्रत्येकामागे साधारण ९,१०० रुपये, आणि त्यातच दुर्बल घटकांचाही वाटा. वरच्या पित्ताशयाच्या एका रुग्णाने दोघांचा वाटा घेतला. एखाद्या हृदयशस्त्रक्रियेने किंवा सांधेबदलाने पंधरा-वीस जणांचा जाईल. डिसेंबरात खाते का संपते त्याचे कारण इतके साधे आहे: काही मोजक्या मोठ्या बिलांनी ते खाल्ले, आणि त्या बिलांना दुसरीकडून पैसे मिळू शकत होते.

ते दुसरीकडचे पैसे म्हणजे आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली आहे, कार्डाचा रंग कोणताही असो, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. चौकशीचा क्रमांक १५५३८८. रुग्णालय योजनेशी संलग्न असेल तर आरोग्यमित्राचे, म्हणजे या योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाचे टेबल समाजसेवकाच्या टेबलाशेजारीच ठेवा. ठरवून केलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची फाइल आधी आरोग्यमित्राकडे, पूर्वमंजुरीसाठी, आणि त्या योजनेच्या उपचारांच्या यादीत बसत नसेल तरच निर्धन निधीकडे. एकच खर्च दोन्हीकडे दाखवणे हा गंभीर दोष आहे. लेखापरीक्षणात तो सापडतोच. रुग्णालय संलग्न नसेल तर संलग्नतेचा अर्ज हेच या वर्षीचे तुमचे सर्वांत मोठे काम समजा.

एक लाखाच्या वर जाणारे प्रत्येक बिल वैद्यकीय अधीक्षक, समाजसेवक आणि लेखापाल या तिघांनी चोवीस तासांत पाहावे. शासकीय योजना, मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, सिद्धिविनायक मंदिर न्यास, टाटा ट्रस्ट यांच्याकडे अर्ज कुणाचा, कधी, कोणत्या कागदांसह जाणार ते तिथेच ठरवावे. यांतल्या बहुतेक ठिकाणी रक्कम रुग्णाच्या नव्हे तर रुग्णालयाच्या खात्यात येते आणि उपचार होऊन गेल्यावर अर्ज चालत नाही, म्हणून डॉक्टरांच्या सहीचे खर्चाचे अंदाजपत्रक त्याच दिवशी तयार हवे. नातेवाइकांना यादी देऊन शहरभर फिरायला लावू नका. हे अर्ज तुमच्या टेबलावरून जायला हवेत. तिघांची ही बैठक रुग्णाला नकार देण्यासाठी नाही, हेही ठरावात लिहा. निधी आटला तरी खाटांचे बंधन संपत नाही. तूट किंवा मोठी शिल्लक असेल तर ती धर्मादाय योजनेवरच्या देखरेख समितीच्या नजरेस आणायची असते.

निधीतून काय करता येत नाही, तेही सांगतो. शिबिरांचा मंडप, जाहिरात, रुग्णवाहिकेचे डिझेल, कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना दिलेली सूट, समाजसेवकांचे पगार: यातले काहीही निर्धन निधीत टाकू नका. तो पैसा फक्त दाखल झालेल्या पात्र रुग्णांच्या बिलासाठी आहे. बाहेरच्या कामाला ट्रस्टचा स्वतःचा पैसा, देणग्या, नाहीतर कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी वापरा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मधले २ टक्के आणि तुमच्या निधीचे २ टक्के यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. विश्वस्तांच्या बैठकीत हे दोन आकडे फार वेळा एकत्र मिसळतात. सीएसआर घ्यायचा तर १ एप्रिल २०२१ पासून ट्रस्टची सीएसआर-१ फॉर्मवर नोंदणी असावी लागते.

खिडकी सुधारली की मगच रुग्णालयाबाहेर पडा. इथे अमेरिकेतली एक पद्धत घेण्यासारखी आहे. तिथल्या ना-नफा रुग्णालयांना करसवलतीच्या बदल्यात समाजाचा फायदा दाखवावा लागतो, हे १९६९ पासून चालत आले आहे. २०१० च्या आरोग्य कायद्याने त्यात भर घातली: दर तीन वर्षांनी परिसराच्या आरोग्याच्या गरजांची पाहणी करून ती प्रसिद्ध करायची आणि त्यावर काय करणार ते लिहून द्यायचे, नाही केले तर ५०,००० डॉलर दंड. आपल्या योजनेत खाटा आणि २ टक्के मोजले जातात, परिसराची गरज कोणी मोजायला सांगत नाही. पण तुम्हाला कोणी अडवलेलेही नाही. कामासाठी एक महापालिका वॉर्ड निवडा, सगळे उपनगर नको. गेल्या वर्षभरातल्या निर्धन रुग्णांचे पत्ते आणि आजार एका नकाशावर मांडा, आरोग्य स्वयंसेविकांशी आणि महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोला. एवढ्यात कोणत्या गल्लीत काय चालले आहे ते बरेचसे कळते.

रक्तदाब आणि मधुमेहाच्या शिबिरांमध्ये नेमके काय बिघडते ते सांगतो, कारण तुमची बहुतेक शिबिरे याच प्रकारची असणार. पहिली चूक वेळेची. सकाळी अकरा वाजता वस्तीत म्हातारी माणसे आणि लहान मुले असतात, चाळिशी-पन्नाशीतले कामाला गेलेले असतात, आणि ज्या घरात सकाळी पाणी येते तिथल्या बाईंना त्या वेळी उसंत नसते. संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ घ्या, किंवा रविवारी. दुसरी चूक टेबलांची. तीन तासांत १५० माणसे म्हणजे तासाला ५०. माणसाला पाच मिनिटे शांत बसवून मग नीट दोनदा रक्तदाब घ्यायचा तर एका टेबलावर तासाला पंधराच होतात. म्हणजे चार टेबले हवीत. दोनच मांडली की घाईत एकदाच मोजले जाते, जिना चढून आलेल्या माणसाचा आकडा वर जातो आणि यादी चुकीच्या नावांनी भरते. जाड दंडासाठी मोठा पट्टा वेगळा लागतो, नेहमीच्या पट्ट्याने आकडा खोटा वाढतो. साखरेच्या पट्ट्यांची डबी ३० अंशांच्या आत ठेवायची असते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छताखालच्या हॉलमध्ये ती उघडी टेबलावर राहिली तर मोजणीवर भरवसा नाही. थंड पेटी न्या.

पण या सगळ्याहून मोठी चूक पुढची. १५० पैकी ज्यांचा रक्तदाब १४०/९० च्या वर निघाला, ज्यांची साखर वाढलेली दिसली, त्यांच्या हातात "डॉक्टरांना दाखवा" असा कागद पडतो आणि तिथे संपते. त्या कागदावर तारीख, वेळ, ओपीडीचा नंबर आणि "केस पेपर मोफत" एवढे लिहिलेले हवे. तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी फोन. पंधरा दिवसांत किती जण ओपीडीत आले, एवढाच आकडा शिबिराचा आकडा. महिन्याच्या गोळ्यांसाठी त्यांना कायम तुमच्याकडे यायला लावू नका. नोव्हेंबर २०२२ पासून सुरू झालेले महापालिकेचे आपला दवाखाना संध्याकाळी उघडे असतात आणि तपासण्या, औषधे मोफत देतात. निदान तुम्ही पक्के करा, औषधांची चिठ्ठी तिथल्या डॉक्टरांच्या हाती सोपवा आणि गुंतागुंत झाली तर रुग्ण परत तुमच्या राखीव खाटेवर घ्या.

गोवंडी-मानखुर्दच्या बाजूला असाल तर क्षयरोग आधी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेला प्रत्येक रुग्ण थुंकीच्या तपासणीला जायला हवा. क्षयरोगाची नोंद कळवणे खासगी रुग्णालयांनाही २०१२ पासून सक्तीचे आहे. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली की रुग्णाला पोषणासाठी महिना १,००० रुपये मिळतात. १ नोव्हेंबर २०२४ आधी ते ५०० होते. बँक खात्याची अडचण सोडवणे हे समाजसेवकाचे काम, आणि ते औषधाइतकेच महत्त्वाचे, कारण पैसे अडकले की उपचार सुटतात.

सखल भागात असाल तर जूनआधी लेप्टोची (पावसाळ्यात साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) तयारी. साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्या माणसाने ७२ तासांत डॉक्टरकडे जाऊन प्रतिबंधक औषध घ्यावे असे महापालिका दर पावसाळ्यात सांगते. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना नेहमीचे डॉक्सिसायक्लिन चालत नाही, त्यांच्यासाठी वेगळे औषध साठ्यात ठेवा. पायाला जखम असलेल्यांची यादी वेगळी करा. ताप आणि अंगदुखी घेऊन आलेल्या माणसाला "तुम्ही पाण्यातून चालला होता का?" हा प्रश्न कॅज्युअल्टीच्या फॉर्मवर छापूनच टाका.

हिशेबाच्या बाजूने महिन्याला चार आकडे विश्वस्तांसमोर ठेवा: राखीव खाटांचे किती खाट-दिवस भरले, निधीत किती आले आणि किती गेले, तात्पुरत्या नोंदी किती पक्क्या झाल्या, आणि खिडकीवरून दाखल न होता किती जण परत गेले. चौथा आकडा कुठलाच कायदा मागत नाही, पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. परत जाणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण एका ओळीत लिहिण्याची वही पहारेकऱ्याजवळ नको, खिडकीवर ठेवा. रिकाम्या राखीव खाटांची संख्या रोज दर्शनी फलकावर लिहा आणि धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावरही अद्ययावत करा. वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात आणि मंत्रालयातल्या धर्मादाय रुग्णालय मदत कक्षात तक्रार करता येते, हे रुग्णाला तुम्हीच सांगा. ज्या रुग्णालयाने हे स्वतःहून फलकावर लिहिले, तिथल्या कर्मचाऱ्यांची वागणूक आठवड्यात बदलते.

पहिले तीन महिने हा क्रम ठेवा. पहिल्या महिन्यात फलक, फॉर्म, ठराव, रात्रीचा अधिकार आणि फार्मसीची दरयादी. दुसऱ्यात "बाहेरून आणा" बंद आणि ठेक्यांचे पुरवणी करार. तिसऱ्यात जन आरोग्य योजनेच्या फायलींचा क्रम आणि परत गेलेल्यांच्या वहीचे वाचन. त्या वहीत महिन्याला वीस नावे असतील तर ती वीस माणसे कोणत्या वस्तीतून आली होती ते पाहा. पुढच्या शिबिराची जागा तीच.